बांध कोरला जातोय: कतारच्या परराष्ट्र मंत्रालयाला एक खुले पत्र

प्रति,
माननीय शेख मोहम्मद बिन अब्दुलरहमान अल थानी,
पंतप्रधान व परराष्ट्रमंत्री, कतार
आणि काँगोच्या बोलणीत मध्यस्थ म्हणून बसणारे
परराष्ट्र राज्यमंत्री डॉ. मोहम्मद बिन अब्दुलअझीझ अल खुलैफी,
दोहा

डिसेंबर 2025

स. न. वि. वि.

मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याचा. सैन्याच्या मेडिकल कोअरमधून हवालदार म्हणून निवृत्त झालो. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारतीय सैन्याचे एक हॉस्पिटल काँगोतल्या गोमा शहरात होते. तिथे 2012 साली मी नर्सिंग असिस्टंट होतो. गावी परतल्यावर काही वर्षे गावच्या तंटामुक्त समितीचे काम पाहिले. तुमच्याशी बोलायला माझ्याजवळ एवढीच ओळख आहे. पत्र मराठीत लिहितोय, कारण मनातले नीट सांगायला मला हीच भाषा येते, आणि दोह्यात मराठी वाचणारी माणसे कमी नाहीत. माझा सख्खा पुतण्या आठ वर्षांपासून तिथे क्रेनवर आहे. कोणीतरी हे तुमच्या कचेरीपर्यंत पोचवील.

गोमा हे न्यिरागोंगो ज्वालामुखीच्या पायथ्याशी, किवू सरोवराच्या काठावरचे शहर. तिथली जमीन आमच्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणासारखीच, फक्त ताजी. 2002 साली लाव्हा भर शहरातून वाहत सरोवरापर्यंत गेला आणि लोकांनी त्याच थिजलेल्या दगडावर पुन्हा घरे बांधली. रस्त्यावरून चुकुडू जातात. चुकुडू म्हणजे लाकडाची मोठी दोनचाकी गाडी, तिच्यावर कोळशाची पोती आणि बटाटे लादून पोरे उतारावरून सोडतात. गाव संपते तिथेच रवांडाचे गिसेन्यी सुरू होते. मध्ये एक नाका. डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका रोज सकाळी तो ओलांडायच्या आणि संध्याकाळी परत यायच्या.

20 नोव्हेंबर 2012 रोजी एम-23 चे बंडखोर या शहरात शिरले तेव्हा मी वॉर्डात होतो. आधी तोफांचे आवाज, मग बंदुकांचे, आणि मग एकदम शांत. त्या शांततेची भीती जास्त वाटली. पुढच्या दिवसांत आलेल्या जखमींमध्ये निर्वासितांच्या मुगुंगा छावणीकडून आणलेली एक बाई होती, मांडीत गोळी लागलेली. रोज ड्रेसिंगला गेलो की ती एकच शब्द विचारायची, "अमानी?" स्वाहिलीत अमानी म्हणजे शांतता. शब्द मला समजायचा, उत्तर माझ्याजवळ नसायचे. पुढे कळले की 2008 साली गोम्यातच मोठी शांतता परिषद भरली होती, बऱ्याच सशस्त्र गटांनी तिथे सह्या केल्या होत्या आणि नंतरच्या सरकारी कार्यक्रमाचे नावच 'अमानी' ठेवले होते. म्हणजे तो शब्द त्या बाईने कागदावरही पाहिला होता आणि कागदाबाहेरही.

महोदय, एम-23 हे नाव कुठून आले ते तुम्हाला माहीत आहे, पण हे पत्र वाचणाऱ्या माझ्या लोकांसाठी सांगतो. 23 मार्च 2009 रोजी काँगो सरकार आणि सीएनडीपी नावाचा बंडखोर गट यांच्यात गोम्यात करार झाला. बंडखोरांना सैन्यात घ्यायचे, त्यांच्या संघटनेला राजकीय पक्ष म्हणून मान्यता द्यायची, परागंदा झालेल्यांना घरी आणायचे. तीन वर्षांनी त्यांच्यातलेच सैनिक करार पाळला गेला नाही असे म्हणत उठले आणि त्यांनी आपल्या फौजेला त्या तारखेचे नाव दिले. न पाळलेल्या कराराची तारीख आज एका सैन्याचे नाव आहे. गोमा त्यांनी तेव्हा अकरा-बारा दिवस ताब्यात ठेवले. 2013 च्या नोव्हेंबरात त्यांचा पराभव झाला, डिसेंबरात नैरोबीत पुन्हा घोषणापत्रांवर सह्या झाल्या. तेही रेंगाळले. 2021 च्या अखेरीस ते परत आले आणि 27 जानेवारी 2025 रोजी गोमा पुन्हा त्यांच्या हाती गेले. फेब्रुवारीत बुकावू शहरही. काँगोच्या पंतप्रधान ज्युडिथ सुमिन्वा यांनी जिनिव्हात सांगितले की जानेवारीपासून पूर्वेकडे 7,000 पेक्षा जास्त माणसे मेली.

या सगळ्यात तुमच्या देशाने जे केले त्याबद्दल मी आधी मनापासून आभार मानतो. 18 मार्च 2025 रोजी अंगोलाच्या लुआंडातली बोलणी व्हायच्या आधीच मोडली होती. त्याच दिवशी तुमचे अमीर शेख तमीम यांनी काँगोचे राष्ट्राध्यक्ष चिसेकेदी आणि रवांडाचे राष्ट्राध्यक्ष कागामे यांना दोह्यात एका खोलीत बसवले. आधी कोणाला पत्ता नव्हता. अंगोलाने, केनियाने, आफ्रिकन युनियनने इतकी वर्षे खटपट केली होती, पण गोमा पडल्यावर त्यांना हे जमले नव्हते. तुम्हाला जमले, कारण त्या भागात तुमची ना वसाहत होती ना तुमची हद्द तिथे लागते, आणि दोन्हीकडची माणसे तुमचा फोन उचलतात. तंटे शांततेच्या मार्गाने मिटवायचे हे तुमच्या राज्यघटनेच्या सातव्या कलमातच लिहिले आहे असे वाचले तेव्हा मला त्याचे अप्रूप वाटले. 9 सप्टेंबरला दोह्यावर इस्रायलचा हल्ला झाला. त्या दिवशी पुतण्याचा फोन लागेपर्यंत घरात कोणी जेवले नाही. तुमचा एक सुरक्षा जवानही त्यात गेला. बोलणी करणाऱ्याच्या घरावर बॉम्ब पडला तरी तुम्ही काँगोची बोलणी थांबवली नाहीत. हल्ल्यानंतर पाचच दिवसांनी, 14 सप्टेंबरला, काँगो सरकार आणि एम-23 यांच्यातल्या कैद्यांच्या अदलाबदलीच्या यंत्रणेवर तुमच्याकडे सह्या झाल्या. हे मी विसरलेलो नाही. म्हणूनच पुढचे लिहायचे धाडस करतोय.

आमच्याकडे शेतीच्या भांडणात एक शब्द आहे: बांध कोरणे. दोन रानांच्या मध्ये मातीचा बांध असतो. ज्याच्या मनात खोट असते तो दरवर्षी नांगरताना एखादा तास बांधाच्या अंगाने जास्त घेतो. हातभर कधीच घेत नाही, चार बोटे घेतो. शेजाऱ्याच्या लक्षात येईपर्यंत बांध अख्खा सरकलेला असतो, आणि मोजणीला माणूस येतो तेव्हा हद्दीचे दगडही जागेवर नसतात.

आता तुमच्या कागदांच्या तारखा आणि तिथल्या जमिनीवरच्या तारखा शेजारी ठेवून पाहा. 23 एप्रिलला काँगो सरकार आणि एम-23 यांचे संयुक्त निवेदन निघाले, लढाई थांबवू म्हणून. 19 जुलैला दोह्यात तत्त्वांच्या घोषणापत्रावर सही झाली. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने नंतर सांगितले की 9 ते 21 जुलै या दिवसांत रुत्शुरू भागातल्या चार गावांत एम-23 च्या लोकांनी किमान 319 सामान्य माणसे मारली, बरीचशी आपल्या शेतावर पेरणीच्या कामात असलेली. म्हणजे दोह्यात पेन उचलले तेव्हा तिथे हत्या चालूच होत्या. अंतिम करार 18 ऑगस्टपर्यंत व्हायचा होता, झाला नाही. 15 नोव्हेंबरला आठ प्रोटोकॉलचा आराखडा झाला. 4 डिसेंबरला वॉशिंग्टनमध्ये काँगो आणि रवांडाच्या राष्ट्राध्यक्षांनी सही केली. आठवडा उलटायच्या आत एम-23 उविरात शिरले, टांगानिका सरोवराच्या काठावर, बुरुंडीच्या दारात. आता माघारीची घोषणा झाली आहे. ती खरी ठरो. पण दक्षिण किवू प्रांतातून शांतिसेना जून 2024 मध्येच उठली आहे. माघार झाली की नाही हे सांगायला तिथे उभे कोण आहे?

रवांडाची बाजू मला माहीत नाही असे नाही. 1994 च्या नरसंहारातले मारेकरी किवूत पळून आले, त्यांच्यातून एफडीएलआर ही फौज तयार झाली, ती आजही त्या जंगलांत आहे. ज्या देशाने शंभर दिवसांत आठ लाखांवर माणसे गमावली त्याची भीती खोटी म्हणता येणार नाही. पण संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी 2024 साली लिहिले आहे की रवांडाचे तीन ते चार हजार सैनिक एम-23 च्या साथीला काँगोच्या हद्दीत होते. रवांडा हे नाकारतो आणि आपण फक्त बचावाचे उपाय केले असे म्हणतो. सुरक्षा परिषदेने फेब्रुवारी 2025 मध्ये ठराव 2773 करून त्यांना परत जायला सांगितले. भीती खरी असली तरी दुसऱ्याचा बांध आपला होत नाही.

तंटामुक्त समितीतला एक प्रसंग सांगतो. भावकीतल्या दोन घरांचा बांधाचा वाद होता, वीस वर्षांचा. आम्ही दोघांना मारुतीच्या देवळात बसवले, रात्री दोनपर्यंत. शेवटी कागद झाला, सह्या झाल्या, अंगठे झाले, पेढे वाटले, फोटो काढला. आम्हाला वाटले, मिटले. पुढच्या वर्षी मृगाचा पाऊस झाला आणि पेरणीच्या पहिल्याच दिवशी त्याच बांधावर दोघांची डोकी फुटली. एकाला मीच टाके घालण्यासाठी मोटारसायकलवरून तालुक्याला नेले. चूक आमची होती. तंटा शेतात होता आणि आम्ही तो देवळात मिटवला होता. त्यानंतर आम्ही नियम केला. समझोता झालेल्या रानात पहिली नांगरट होईल तेव्हा समितीचे दोन पंच बांधावर उभे राहतील, आणि पुढची दोन वर्षे पेरणीच्या दिवसांत फेरी मारतील. यात मोठेपणा काही नव्हता, उन्हात उभे राहायचे होते. पण पुढे ज्या रानांत असे उभे राहिलो तिथली भांडणे परत देवळात आली नाहीत.

तुमच्या मंत्रालयाला हे सांगायचे कारण आहे. आफ्रिकेत तुमची हीच एक बाजू लंगडी राहिली आहे.

सुदानच्या पश्चिमेकडच्या दारफूरचे घ्या. तिथे तुम्ही जितकी मेहनत घेतली तितकी क्वचितच कोणी घेतली असेल. तेव्हाचे तुमचे मंत्री अहमद बिन अब्दुल्ला अल महमूद वर्षानुवर्षे खेपा घालत होते. मे 2011 मध्ये तुम्ही फक्त बंदूकवाल्यांना नाही, तर छावण्यांतले निर्वासित, टोळ्यांचे प्रमुख, बायका, सगळ्यांना दोह्यात परिषदेला बोलावले. ती फार चांगली गोष्ट होती. 14 जुलै 2011 रोजी दोहा दस्तऐवजावर सुदान सरकार आणि एका बंडखोर आघाडीची सही झाली. मोठे गट बाहेर राहिले. एप्रिल 2013 मध्ये जेईएम या बंडखोर संघटनेतून फुटलेल्या गटाचे नेते मोहम्मद बशर यांनी दोह्यात सही केली आणि मे महिन्यात परतीच्या वाटेवर चाडच्या सीमेजवळ त्यांच्याच जुन्या साथीदारांनी त्यांना ठार केले. तुमच्याकडे सही करून जो माणूस घराकडे निघतो, त्याच्याबरोबर रस्त्यावर कोण असते? तुम्ही दारफुरात आदर्श गावे बांधलीत, शाळा बांधल्यात, दवाखाने बांधलेत. पण ज्या टोळ्यांच्या हाती शस्त्रे होती त्यांची शस्त्रे काढण्याचे काम सुदान सरकारवर सोपवले गेले, आणि त्याच सरकारने जंजाविदांना, म्हणजे दारफुरातल्या आपल्याच बाजूच्या सशस्त्र टोळ्यांना, गणवेश चढवून रॅपिड सपोर्ट फोर्सेस उभी केली. 26 ऑक्टोबर 2025 रोजी त्याच फौजेने दीड वर्षाच्या वेढ्यानंतर दारफुरातले अल फाशेर शहर घेतले. तिथल्या सौदी प्रसूती रुग्णालयात 460 पेक्षा जास्त रुग्ण आणि त्यांच्या सोबतची माणसे मारली गेली, असे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले. मी आयुष्यभर वॉर्डात काम केलेला माणूस आहे. ही बातमी वाचून मी घराबाहेर जाऊन बसलो. त्या रात्री मला झोप आली नाही.

जिबुती आणि इरिट्रिया यांच्यात मात्र तुम्ही बांधावर उभे राहिला होतात. 2008 च्या जूनमध्ये रास दुमेराच्या टेकडीवर त्यांची लढाई झाली. 2010 मध्ये तुम्ही समझोता घडवला आणि स्वतःचे सैनिक त्या उघड्या, पाणी नसलेल्या किनाऱ्यावर नेऊन ठेवले. सात वर्षे तिथे पुन्हा लढाई पेटली नाही. मार्च 2016 मध्ये इरिट्रियाच्या तुरुंगातून जिबुतीचे चार सैनिक तुमच्यामुळे घरी आले. हे काम फार थोड्यांना माहीत आहे. मग 5 जून 2017 रोजी शेजाऱ्यांनी तुमची नाकेबंदी केली, जिबुतीने त्यांची बाजू घेऊन तुमच्याशी संबंध कमी केले, आणि दहा दिवसांच्या आत तुमचे सैनिक तिथून निघाले. लगोलग जिबुतीने तक्रार केली की इरिट्रियाचे सैनिक टेकडीवर आले. तुम्हाला राग येणे साहजिक होते. पण आखातातल्या भांडणाची किंमत आफ्रिकेतल्या एका टेकडीने मोजली.

2021 मध्ये केनिया आणि सोमालिया यांचे तुटलेले संबंध तुम्ही जुळवलेत, ते टिकले. चाडचे 2022 चे दोहा करार आठवतात, चाळीसच्या वर गट आले आणि सगळ्यात ताकदवान गट सही न करता उठून गेला. त्यावर इथे अधिक लिहीत नाही.

आता काँगोसाठी माझे मागणे.

ऑक्टोबरमध्ये युद्धबंदीवर देखरेखीची यंत्रणा ठरली आहे, तीत कतार निरीक्षक आहे. निरीक्षक म्हणजे दोह्यातून किंवा काँगोची राजधानी किन्शासा इथून अहवाल वाचणारा नव्हे. तुमचे अधिकारी उविरात, साकेत, रुत्शुरूत राहायला हवेत. साके हे गोम्याहून पंचवीसेक किलोमीटरवर, मासिसीकडे जाणाऱ्या वाटेच्या तोंडाशी आहे. आमचे भारतीय जवान तिथे वर्षानुवर्षे तळ ठोकून होते. 2010 मध्ये किरुंबाच्या तळावर आमचे तीन जवान मारले गेले. 2022 मध्ये बुटेंबोत जमावाच्या हल्ल्यात सीमा सुरक्षा दलाचे दोघे गेले. तिथे उभे राहण्याची किंमत आम्हाला ठाऊक आहे, म्हणून हे मागणे मी हलक्या मनाने करत नाही. तुमचे सैन्य पाठवा असे म्हणत नाही. पण ज्याच्या शब्दाला दोन्ही बाजू मान देतात असा माणूस तिथे रोज सकाळी दिसला पाहिजे, आणि कोणी पुढे सरकले तर त्याने त्याच दिवशी, नाव घेऊन, जाहीरपणे ते सांगितले पाहिजे. माझ्या वाचनात तुमची जी निवेदने आली त्यांत दोन्ही बाजूंनी संयम राखावा असेच होते. बांध एकाने कोरला असताना दोघांना समज दिली की कोरणाऱ्याला बळ येते.

दुसरे, गोम्याचा विमानतळ. तो जानेवारीपासून बंद आहे. त्या धावपट्टीचे मोल मला माहीत आहे, कारण आमच्या हॉस्पिटलात रक्ताच्या पिशव्या, सलाइन, भुलीची औषधे, सगळे तिथूनच यायचे, आणि आम्हाला न पेलणारा जखमी तिथूनच पुढे जायचा. रस्त्याने किन्शासापर्यंत पोचता येत नाही, मध्ये अख्खा देश आहे आणि जंगल आहे. शहरातल्या बँकाही बंद आहेत. मदत पोचवण्याचा प्रोटोकॉल तुमच्या आठांपैकी एक आहे. बाकीचे वेळ घेतील तर घेऊ द्या. सैनिकांना परत नेणे, एफडीएलआरचा प्रश्न, सत्तेची वाटणी, यांना महिने लागतील हे मला कळते. औषधाच्या विमानाला त्यांच्यासाठी थांबवू नका.

तिसरे, दारफुरात जे केले ते इथे का नाही? तुमच्या टेबलावर एका बाजूला किन्शासाचे सरकार आहे, दुसऱ्या बाजूला एम-23. किवूची माणसे कुठे आहेत? बुकावूत पांझी हॉस्पिटल आहे. तिथे डॉ. डेनिस मुकवेगे यांनी बलात्काराने फाटलेल्या हजारो बायकांवर शस्त्रक्रिया केल्या, त्यांना 2018 चे नोबेल मिळाले. या करारांत गुन्ह्यांचा हिशेब नाही, हल्ला करणाऱ्याला बक्षीस आहे, असे ते सांगत आहेत. काँगोच्या कॅथलिक आणि प्रोटेस्टंट चर्चनेही एकत्र येऊन संवादाचा प्रयत्न चालवला आहे. त्यांना बोलवा. छावण्यांतल्या बायकांना बोलवा. कोणत्या वाटेवर कोणाचा नाका आहे आणि तिथे किती पैसे द्यावे लागतात हे त्यांच्याइतके नेमके कोणत्याही राजदूताला सांगता येणार नाही.

आणि शेवटचे मागणे पैशाचे आहे, ते लिहिताना थोडा संकोच वाटतो, कारण ज्याने मदतीला हात दिला त्याच्या खिशाकडे बोट दाखवणे आम्हाला शोभत नाही. पण पंचाच्या शेताचा बांध वादातल्या एका रानाला लागून असेल तर गाव आधी ते बोलून दाखवते, आणि बोलून दाखवलेले बरे असते. कतार एअरवेजने 2019 साली रवांडाच्या नव्या बुगेसेरा विमानतळात 60 टक्के भागीदारी घ्यायचे ठरवले. रवांडएअरमध्ये 49 टक्के हिश्श्याची बोलणी आहेत. यावर्षी तुमच्या राजघराण्यातल्या एका सदस्याच्या कंपनीने काँगोतही अब्जावधी डॉलर गुंतवू असे सांगितले. ही सगळी गुंतवणूक वाईट असे मी म्हणत नाही, दोन्ही देशांना रस्ते-विमानतळ हवेत. फक्त ती कुठे, कशी आणि कोणत्या अटीवर, हे जाहीर करा. आणि मासिसीतल्या रुबायासारख्या खाणींमधून, जिथून जगातल्या टँटलमचा (मोबाइलमध्ये लागणारा धातू) सुमारे 15 टक्के हिस्सा निघतो आणि जी 2024 पासून एम-23 च्या हातात आहे, एक किलोही माल कतारच्या पैशाने वाहून जाणार नाही हे लिहून द्या. तसे लिहिले तर किन्शासात आणि रवांडाच्या राजधानीत, किगालीत, दोन्हीकडे तुमचा शब्द आणखी जड होईल.

महोदय, 23 मार्च या तारखेची एक फौज त्या डोंगरात फिरतेच आहे. 15 नोव्हेंबरच्या कागदातले उरलेले प्रोटोकॉल कधी पूर्ण होणार, त्यांच्या तारखा कोण पाळून घेणार आणि गोम्याच्या धावपट्टीवर औषधाचे पहिले विमान कोणत्या दिवशी उतरणार, एवढे कृपा करून जाहीर करा. मी इथून रोज बातम्या पाहतो.

आपला नम्र,
एक निवृत्त हवालदार, आर्मी मेडिकल कोअर
ता. माण, जि. सातारा